कंट्रोलचं गाव

सकरीचं बाळ मी फडक्याच्या झोळीत घालून वजनकाट्याला अडकवलं, तेव्हा काटा जेमतेम हलला. मला वाटलं काटाच अडकलाय. झोळी उतरवली, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा लावली. वजन तेवढंच भरलं. बाळ रडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. सकरी कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. ती काट्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"किती भरलं?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यातून तिला काही कळलं नाही.

"म्हणजे चांगलं का?"

मला शिकवलं होतं तेवढं मी बोलले. बाळ लहान आहे, तालुक्याच्या दवाखान्यात नेलेलं बरं. तिचा नवरा चिंतामण दारात उभा होता. त्याने विचारलं, नेऊन काय करतात? ते मला माहीत नव्हतं. मी आकडा लिहून घेतला, सकरीचा अंगठा घेतला आणि काटा पिशवीत घालून घरी आले. तिसऱ्या दिवशी पहाटे बाळ गेलं. मी पुन्हा तिच्याकडे गेले, कारण तेही लिहायचं असायचं. कधी गेलं, दूध ओढत होतं का, अंग गार लागत होतं का. सकरीने प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. अंग गार लागत होतं, म्हणाली, रात्रभर गार लागत होतं, चुलीपाशी धरलं तरी.

ही गोष्ट आमच्या भोरमाळची, पंचवीस वर्षांहून जास्त झाली असतील. नाशिकच्या डोंगरपट्ट्यात, गुजरातच्या हद्दीला लागून आमचं गाव. दिवाळी झाली की अर्धं गाव खाली द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचं आणि मागे राहायच्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, लहान पोरं. माझा नवराही बागेवर जायचा. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे शहरातल्या एका संस्थेचा अभ्यास आमच्याकडे सुरू झाला तेव्हा काम मला मिळालं. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन करायचं आणि महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवून लिहायचं. अभ्यास होता डॉक्टर देवस्थळी मॅडमचा. पस्तिशीच्या असतील, उंच, अंगावर नेहमी सुती साडी आणि पायात पुरुषी बूट. दर पंधरा दिवसांनी त्यांची जीप यायची. मी लिहिलेलं तपासायच्या, चुकलेलं न रागावता सांगायच्या आणि आमच्याकडे काळा चहा घेऊन पुढे जायच्या.

मॅडमकडच्या कागदावर आमच्या गावाच्या नावापुढे इंग्रजीत 'कंट्रोल' असं लिहिलेलं होतं. जीपचा ड्रायव्हरही तसंच म्हणायचा, आज तीन कंट्रोलची गावं करायची आहेत. आता आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर. त्यामुळे गावात सगळ्यांना वाटलं की या बाई पुढे-मागे काहीतरी वाटणार. म्हातारा लहानू तर जीप आली की रिकामी पिशवी घेऊनच यायचा. मला त्यांच्यापेक्षा जरा जास्त कळत होतं असा माझा समज. शाळेतल्या माझ्या जुन्या डिक्शनरीत मी शब्द काढून बघितला. नियंत्रण, ताबा, असं दिलं होतं. मला वाटलं, गाव माझ्या ताब्यात दिलंय, म्हणून तसं लिहिलंय. मनातून बरं वाटलं होतं.

मॅडमनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. आमच्यासारख्याच बायका दुसऱ्या गावांतही कामाला होत्या. त्यांच्याशी कामाबद्दल बोलायचं नाही. का, असं मी विचारलं तेव्हा अभ्यास बिघडेल, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यातली एक मंजुळा. आश्रमशाळेत आम्ही एका ताटात जेवलेल्या. लग्न होऊन ती खिरडीला गेली होती, डोंगराच्या पलीकडे. सकरीचं बाळ गेलं त्यानंतरच्या बाजारात ती मला भेटली. आम्ही लसणाच्या ढिगापाशी बोलत उभ्या होतो. तिच्याबरोबर तिच्या गावातली एक बाळंतीण होती. बाईने साडीच्या आत छातीशी काहीतरी घट्ट बांधलं होतं आणि वरून चादर पांघरली होती. मला वाटलं पैशाची पिशवी असेल. तेवढ्यात आतून बाळाचा आवाज आला. मंजुळाने चादर जरा बाजूला करून दाखवलं. बाळ उघडं, डोक्याला टोपडं, आईच्या उघड्या अंगाला बेडकासारखं चिकटलेलं.

"जन्मलं तेव्हा सव्वा किलो होतं," मंजुळा म्हणाली. "आता बघ."

सव्वा किलो. सकरीचं यापेक्षा जास्त होतं.

मग तिने न विचारता सगळं सांगितलं. लहान बाळाला कपड्यात गुंडाळून खाली ठेवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, आईच्या उघड्या छातीवर बांधायचं आणि रात्रंदिवस तिथेच ठेवायचं. आई थकली तर बापाने घ्यायचं. तिथेच पाजायचं, ओढत नसेल तर दूध पिळून वाटीने द्यायचं. औषध नाही, मशीन नाही. मॅडमनीच शिकवलं म्हणाली. तुमच्याकडे नाही का शिकवलं, असं तिने विचारलं आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने घाईघाईने बाळावर चादर ओढली. जाताना म्हणाली, मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस.

घरी येताना माझी वाट सकरीच्या दारावरून होती. ती अंगणात नागली पाखडत होती. बस म्हणाली. मी उशीर झाला म्हणाले आणि तशीच पुढे गेले. मला काही नीट कळलं नव्हतं. मनात म्हटलं, मॅडम येतील तेव्हा विचारू. आपल्या गावाचा नंबर अजून लागायचा असेल.

मॅडम यायच्या आदल्याच रात्री माझी जाऊ तुळसा बाळंत झाली. तिचे दिवस भरायला अजून महिना-सव्वा महिना होता. मुलगी झाली. सकाळी मी काटा लावला. सकरीच्या बाळाहूनही कमी. पौषातली थंडी, अंगणातल्या हंड्यातल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. सासूबाईंनी मुलीला जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीजवळ सुपात ठेवलं होतं. मी पायाला हात लावला. गार.

जीप आली तेव्हा मी पळतच गेले. मॅडम लगेच आल्या, मुलीला तपासलं आणि म्हणाल्या, जीपमध्ये घाला, मी दवाखान्यात पोहोचवते. त्या मनापासून म्हणाल्या, हे मला आजही सांगायचं आहे. पण सासूबाई दाराच्या आडव्या बसल्या. मागच्या साली शेजारच्या पाड्यावरचं पोर असंच जीपमधून नेलं होतं. तिथल्या काचेच्या पेटीची लाइट गेलेली, आणि पोर कापडात गुंडाळून परत आलं. जे व्हायचं ते घरात होऊ द्या, असं त्या म्हणाल्या. मॅडमनी समजावलं, मी समजावलं, माझ्या दिराने, सीतारामनेही आईची विनवणी केली. तुळसा डोळे मिटून पडली होती. सासूबाई हलल्या नाहीत.

मॅडम बाहेर अंगणात आल्या. मी त्यांच्या मागे गेले.

"मॅडम, खिरडीला बाळं छातीला बांधतात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी सांगितलं, असं विचारलं नाही.

"मग आपण तुळसाला तसं का सांगत नाही?"

"भोरमाळ कंट्रोलमध्ये आहे, कलावती."

"कंट्रोल म्हणजे काय?"

त्यांना वाटलं होतं, मला ते कधीच समजलंय. त्या अंगणातल्या दगडावर बसल्या आणि मला शाळेत शिकवावं तसं शिकवलं. एखाद्या गोष्टीचा उपयोग होतो की नाही हे बघायचं, तर दोन भाग करावे लागतात. एका भागात ती गोष्ट करायची. दुसऱ्या भागात काहीच करायचं नाही, जसं चाललंय तसं चालू द्यायचं आणि नुसतं बघायचं. त्या दुसऱ्या भागाला कंट्रोल म्हणतात. तो नसेल तर फरक कशाने पडला हे कुणालाच कळत नाही.

"कोणतं गाव कुठे, हे कुणी ठरवलं?"

"चिठ्ठ्या टाकल्या."

"म्हणजे इथे आम्ही फक्त मेलेली मोजायची."

"तसं म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "उपयोग होतो असं मला वाटतं. पण वाटण्याला किंमत नाही. आकडे असतील तर सरकार ही गोष्ट गावोगावी नेईल. हजारो बाळं वाचतील. आकडे बिघडले तर ही इथेच राहील, या चार डोंगरांत. तुला समजतंय का मी काय म्हणते ते?"

मला समजत होतं. तेच वाईट होतं. त्या खोटं बोलत असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"आणि तुळसाची मुलगी?"

त्या उठल्या. सासूबाईंना पुन्हा एकदा विचारून आल्या, दवाखान्यात न्यायचं का. मग जीपमध्ये जाऊन बसल्या. चुलीवर चहा उकळत होता. मी चहाचं म्हणाले. त्या नको म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, आणि ड्रायव्हरला चल म्हणाल्या.

जीप वळणाआड गेली तरी मी अंगणातच उभी होते. हातातलं काम जाईल, हे डोक्यात आलं होतं. मॅडमनी सांगितलेली ती हजारो बाळंही आली होती. पण ती मला दिसत नव्हती. दिसत होतं ते सूप.

आत जाऊन मी मुलीचं लुगडं सोडलं. सासूबाई ओरडल्या, गार लागेल पोरीला. मी ऐकलं नाही. तुळसाला उठवून बसवलं, तिची चोळी काढली आणि मुलीला तिच्या छातीवर उभी ठेवली, मान एका बाजूला करून, मंजुळाने दाखवलं होतं तशी. वरून माझी साडी आवळून बांधली. सीतारामची कानटोपी मुलीच्या डोक्यावर मोठी होत होती, तिला दोरा ओवून लहान केली.

"जाऊबाई, हे काय करताय?" तुळसाने विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

"अशीच बसून राहा. निजलीस तरी अशीच. हिला खाली ठेवायचं नाही."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

ते मलाही माहीत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने साडीत हात घालून मुलीचे पाय चाचपत होते. ऊन उतरायच्या सुमाराला पाय कोमट लागले. मी पुन्हा पुन्हा हात लावून बघितला, माझाच हात गरम झालाय की काय म्हणून. मग सासूबाईंचा हात धरून आत घातला. त्यांनी काढला नाही, बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून तुळसासाठी नागलीची पेज टाकली.

दूध वाटीने पाजावं लागलं. दोनदा मुलगी निळी पडली आणि मी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत बसले. तुळसा थकली की सीताराम छाती उघडी करून बसायचा, खूप लाजायचा, दारात कुणी आलं की तोंड भिंतीकडे करायचा. पण बसायचा.

मुलगी जगली. तिचं नाव जयवंती ठेवलं.

अशी गोष्ट झाकून राहत नाही. बायका बघायला आल्या. मी कुणाला बोलावून शिकवलं नाही आणि विचारलं तेव्हा कुणाला नाहीही म्हणाले नाही. बाजारात, पाणवठ्यावर, बागेवर जाणाऱ्या ट्रकमध्ये ते पसरलं. आमच्या पोरी ज्या गावांत दिलेल्या त्या गावांत गेलं, त्यांच्या नणंदांनी पुढे नेलं.

सकरी सगळ्यांत शेवटी आली. जयवंती तेव्हा तुळसाच्या छातीवरून मान वर करायला लागली होती. सकरीने तिला नीट बघितलं, हात लावला नाही. मी तिला सोडायला अंगणापर्यंत गेले.

"हे तुला केव्हा कळलं?" तिने विचारलं.

"बाजारात. तुझं बाळ गेल्यावर."

"आणि डॉक्टरीणबाईंना?"

तिने उत्तराची वाट बघितली आणि ती गेली. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. रागाने नाही, पण माझ्याशी काय बोलावं हे तिला सुचत नसावं.

मॅडमना मी स्वतःच सांगितलं. पुढच्या खेपेला त्या आल्या, जयवंतीचं वजन बघितलं आणि म्हणाल्या, वाढलंय. मी म्हणाले, मी तुळसाला शिकवलं. त्यांनी मान डोलवली. त्यांचा चेहरा बघून मला कळेना की त्या रागावल्यात की त्यांना बरं वाटलंय. होळीच्या आधी त्या काटा परत न्यायला आल्या. आमच्या गावाचं काम बंद झालं होतं. निघताना जीपच्या दाराशी थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी चहाला थांबले असते, तर मीच सांगितलं असतं. म्हणून निघाले."

त्यानंतर चार-पाच वर्षं त्या दिसल्या नाहीत.

पुन्हा आल्या त्या एसटीने, एकट्याच. केस पिकले होते. मी भात झोडत होते, सकरीही होती मदतीला. आमचं बोलणं तोवर पुन्हा सुरू झालं होतं. तिला नंतर दोन मुलगे झाले, धडधाकट. चिंतामण ओट्यावर दोरी वळत बसला होता. मॅडमना बघून सगळे उठले. जयवंती खळ्यावर पेंढ्यांवर उड्या मारत होती. मॅडमनी विचारलं, हीच का? मी हो म्हणाले. त्या तिच्याकडे खूप वेळ बघत राहिल्या.

चहा झाल्यावर मी विचारलं, अभ्यासाचं काय झालं?

त्या म्हणाल्या, काही झालं नाही. कंट्रोलच्या निम्म्या गावांत बायका बाळं छातीला बांधायला लागल्या होत्या. ती गावं मोजता येईनात, म्हणून काढून टाकावी लागली. उरलेल्या गावांचे आकडे इतके थोडे झाले, की त्यांतून काहीच सिद्ध होईना. सरकारकडे त्यांनी अर्ज केला होता. तिथे विचारलं, पुरावा काय? त्यांच्याकडे पुरावा नव्हता. पलीकडच्या जिल्ह्यांत बाळं अजून सुपातच ठेवतात, असं त्या म्हणाल्या. मला टोचायला म्हणाल्या नाहीत. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी जयवंतीकडे बघत होते. ती पेंढ्यावरून घसरून पडली, उठली आणि पुन्हा चढली. पुन्हा तो दिवस आला तर मी तेच करेन, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. पण पलीकडच्या जिल्ह्यात कुणाकुणाच्या घरी सूप असेल, हे मला पहिल्यांदाच दिसायला लागलं होतं.

सकरी खाली बसून ऐकत होती. तिला सगळं कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आमचं गाव काढून टाकलं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"माझं बाळ होतं त्यात. हिने अंगठा घेतला होता माझा. ते मोजलं असेल ना?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेही गेलं त्यात."

सकरीने पदराला चिकटलेलं भाताचं कुसळ काढून टाकलं. तिच्या आवाजात काही फरक नव्हता.

"मग ते कशातच नाही."

ओट्यावर चिंतामणची दोरी थांबली होती.

"आता लिहा," सकरी म्हणाली.

"सकरी, तो अभ्यास संपला. आता लिहून त्याचा..."

"तुमच्या अभ्यासात नको. नुसतं लिहा. तुम्हाला लिहिता येतं म्हणून म्हणते."

मॅडमनी पिशवीत हात घातला. कागद सापडेना, तेव्हा एसटीचं तिकीट काढलं आणि गुडघ्यावर ठेवून उलटं केलं. पेन उघडला. मुलगा होता ना, असं त्यांनी विचारलं. सकरी हो म्हणाली. मॅडमनी लिहिलं. मग त्या थांबल्या. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजल्याशिवाय बाळाला नाव नसतं, हे त्यांना माहीत होतं.

"नाव काय लिहू?" तरीही त्यांनी विचारलं.

सकरीने नाव सांगितलं. चिंतामणने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ते नाव त्यालाही माहीत नव्हतं.